रक्त, पाणी आणि हक्कसोडपत्र

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सांगली जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलंय. वय ५९. माध्यमिक शाळेत अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, एकुलती मुलगी मेलबर्नला आहे. गेल्या वर्षी बाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. त्या सहा आठवड्यांत सख्खा धाकटा भाऊ दोनदा येऊन गेला, मुलीला दहा दिवस येता आलं आणि बाकी सगळं केलं ते शेजारच्या मैत्रिणीने. दवाखान्याच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' या रकान्यात मैत्रिणीने 'बहीण' असं लिहिलं होतं. आता भावाच्या मुलीचं लग्न ठरलंय. त्याआधी वडिलांचं घर आणि दोन एकर जमीन यांच्या हक्कसोडपत्रावर ताईने सही करावी, असं भावाचं म्हणणं आहे. "विचार करते," असं बाई म्हणाल्या तेव्हा तो म्हणाला, "ताई, ब्लड इज थिकर दॅन वॉटर. बाहेरची माणसं चार दिवसांची." रक्त पाण्यापेक्षा दाट, म्हणजे रक्ताची माणसं बाहेरच्यांपेक्षा जवळची. मुलीला हे कळल्यावर तिने एक चित्र पाठवलं. त्यावर लिहिलेलं, की ही म्हण अर्धवट आहे आणि मूळ म्हण अशी: 'करारातलं रक्त हे गर्भातल्या पाण्यापेक्षा दाट असतं.' म्हणजे आपण निवडलेली माणसं जन्माने मिळालेल्या माणसांपेक्षा जवळची. बाई विचारतात: खरी म्हण कोणती? मुलीची खरी असेल तर मी अठ्ठावीस वर्षं मुलांना उलटं शिकवलं का? आणि मग सहीही करू नये, लग्नालाही जाऊ नये, असंच ना?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात भाऊ आहे, मुलगी आहे, दोन एकर जमीन आहे. पण वाचून झाल्यावर माझ्या डोळ्यांपुढे राहिला तो फॉर्म. काउंटरवरच्या मुलीने पेन पुढे केलं आणि मैत्रिणीने जराही न थांबता 'बहीण' लिहिलं. त्या रकान्याकडे मी परत येणार आहे. आधी म्हणीचं बघू, कारण तुम्ही प्रश्न नेमका विचारलाय.

तुम्ही चुकीचं शिकवलेलं नाही. फळ्यावरची म्हण बरोबर होती आणि तुम्ही सांगितलेला अर्थही बरोबर होता. मुलीने पाठवलेली 'मूळ' म्हण मूळ नाही, ती नवी आहे. तिचा लेखी माग काढत गेलं तर १९९० च्या दशकाच्या मागे काही हाती लागत नाही. बायबलमध्ये ती नाही, जुन्या म्हणींच्या संग्रहांत नाही. कुणी म्हणतं ती रणांगणावर एकत्र रक्त सांडणाऱ्या सैनिकांची, कुणी म्हणतं बायबलमधल्या कराराची, पण जुना पुरावा कुणीच पुढे ठेवत नाही.

तुम्हाला माहीत असलेल्या म्हणीचा माग मात्र चांगला लांब जातो. साधारण ११८० च्या सुमाराचं एक जर्मन काव्य आहे, 'राइनहार्ट फुक्स' नावाचं, कोल्ह्याच्या गोष्टींचं. त्यात 'नात्याचं रक्त पाण्याने नासत नाही, असं मी ऐकतो' अशा अर्थाची ओळ येते. 'ऐकतो' हा शब्द बघा. म्हणजे लिहिणाऱ्याच्याही आधीपासून ते लोकांच्या तोंडी असणार. पुढे पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन लिडगेट या इंग्रज कवीने ट्रॉयच्या कथेवर लिहिताना म्हटलं, की रक्त जिथे सापडेल तिथे रक्ताकडे ओढ घेतं. त्यात पाणी नाही, दाटपणाही नाही, पण कल्पना तीच. स्कॉटलंडमध्ये अठराव्या शतकात म्हणी गोळा करून छापल्या गेल्या, तेव्हा ती आजच्या रूपात त्यांत होती. म्हणजे आठशेहून जास्त वर्षं या कल्पनेत घरचं माणूस वरच राहिलंय.

मुलीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. ही म्हण उलटी फिरवावीशी वाटणारी ती पहिली नाही. १६५२ मध्ये विल्यम जेन्किन नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने लिहिलं, की रक्त पाण्याहून दाट असं आपण म्हणतो. तर मग ख्रिस्ताच्या रक्ताने जी माणसं आपली झाली, त्यांना आपण जन्माच्या नात्यापेक्षा जास्त मानायला हवं. आणि जन्माच्या नात्याला त्याने शब्द वापरला तो अक्षरशः 'पाणचट' असाच! साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वीचं हे वाक्य आहे. पण त्याने 'असं आपण म्हणतो' म्हणून प्रचलित म्हण आधी मान्य केली आणि मग तिला आपल्या हाताने वळण दिलं. हीच खरी जुनी म्हण, असा दावा केला नाही. पुढे १८८५ मध्ये हेन्री क्ले ट्रम्बुल या अमेरिकन पाद्र्याने रक्ताच्या कराराने भाऊ होण्याच्या चालीरीतींवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने सांगितलं, की पाश्चात्त्य लोक रक्ताची तुलना पाण्याशी करतात, पण अरबांत ती दुधाशी होते. एकाच आईचं दूध प्यालेल्यांपेक्षा एकमेकांच्या रक्ताने करार केलेले भाऊ त्यांना जवळचे. तुमच्या मुलीच्या ओळीचा विचार यापासून फार लांब नाही. विचार जुना आहे, वाक्य नवं आहे, आणि जुनेपणाचा शिक्का त्यावर नंतर कुणीतरी मारलाय.

असे शिक्के हल्ली पुष्कळ म्हणींवर मारलेले दिसतात. 'क्युरिऑसिटी किल्ड द कॅट' ही म्हण तुम्ही शिकवली असेल. तिचीही 'पूर्ण' आवृत्ती फिरते: जिज्ञासेने मांजर मेलं, पण उत्तर मिळाल्यावर ते परत जिवंत झालं. प्रत्यक्षात मांजराला आधी जिज्ञासेने मारलंच नव्हतं, काळजीने मारलं होतं. बेन जॉन्सनच्या १५९८ च्या नाटकात 'काळजी मांजरालाही मारेल' असं आहे. काळजीच्या जागी जिज्ञासा आली ती एकोणिसाव्या शतकात आणि ते जिवंत होणारं शेपूट त्याहून नंतरचं. अर्थ बदलणं यात वावगं काही नाही. आपल्याकडे धर्मशास्त्राच्या ग्रंथांत 'साहस' हा गुन्ह्याचा प्रकार होता, बळजबरीचा. आज आपण साहसाबद्दल मुलांना पदकं देतो. म्हणून काही आपण चुकीचं मराठी बोलत नाही.

आता मला तुम्हाला जरा थांबवून विचारायचंय. जुनी म्हण कोणती, यावर सही आणि लग्न का टांगून ठेवलंय तुम्ही? समजा उद्या एखाद्या मठाच्या तळघरात हजार वर्षांपूर्वीचं हस्तलिखित सापडलं आणि त्यात मुलीची ओळ जशीच्या तशी निघाली. त्याने तुमच्या भावाच्या दोन भेटींच्या तीन होतील का? आणि ती ओळ १९९४ मध्ये कुणीतरी रचलेली निघाली, तर मैत्रिणीने सहा आठवडे आणलेला डबा रद्द होईल का? तुम्ही लिहिलंय, की त्या डब्यावर तिच्या सासूचं नाव कोरलंय आणि वरच्या खणात ती रोज लिंबाची एक फोड ठेवायची, कारण औषधांनी तोंडाची चव गेली होती. ती लिंबाची फोड कोणत्याही म्हणीच्या वयावर अवलंबून नाही, ताई. मैत्रीण तुम्हाला सख्खी वाटते, हे म्हणायला तुम्हाला इंग्लंडातून परवानगी आणायची गरज नाही.

जुनं तेच खरं, हे आपण गृहीत धरतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला आपलंच म्हणणं मांडायला भीती वाटत असते. मग आपण पूर्वजांना पुढे करतो. तुमच्या भावाने तेच केलं आणि मुलीनेही तेच केलं. त्याने म्हण पुढे केली, तिने म्हणीची थोरली बहीण शोधून आणली. दोघांपैकी कुणीच 'मला हवंय' असं सरळ म्हटलं नाही.

याच म्हणीच्या इतिहासातला एक प्रसंग मला तुम्हाला मुद्दाम सांगायचाय, कारण तो वारशाचाच आहे. वॉल्टर स्कॉटची 'गाय मॅनरिंग' ही कादंबरी १८१५ ची. तिच्यात डँडी डिनमाँट नावाचा एक स्कॉटिश शेतकरी आहे, अंगापिंडाने दांडगा आणि मनाने सरळ. त्याची एक दूरची नातेवाईक बाई वारते. हयातीत तो तिला घरचं चीज आणि हॅम पाठवत असे. मृत्युपत्राच्या वाचनाला नातेवाईक जमतात, सगळ्यांचे कान टवकारलेले. डिनमाँटच्या हाती काही येत नाही. तेव्हा तो म्हणतो, की असो, रक्त पाण्यापेक्षा दाट असतं. ते चीज आणि ती हॅम तिला दिली त्याचं मला काही वाटत नाही. थोडी चुटपुट असेल त्याला, माणूसच तो, पण म्हणीचा उपयोग त्याने स्वतःची समजूत घालायला केला. ज्याचं गेलं, त्याच्या तोंडी ती म्हण आहे.

तुमच्या भावाच्या तोंडी तीच म्हण आली ती ज्याला मिळायचंय त्याच्या तोंडून. शब्द सारखे आहेत, पण वाक्य एकच नाही. डिनमाँटच्या तोंडी तिचा अर्थ 'माझं गेलं तरी चालेल' असा होतो. भावाच्या तोंडी 'तुझं गेलं तरी चालेल' असा. म्हणीचा अर्थ कोशात बघायचा असतोच, तुम्ही जन्मभर बघितलात. पण घरात ती कानावर पडली, की कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय आणि त्यानंतर कुणाचा हात खिशात जाणार आहे, हे बघावं लागतं. मला येणाऱ्या पत्रांत 'आईचं ऋण', 'भावाची पाठराखण', 'पोटची पोर' असले शब्द फार येतात आणि त्यातल्या बऱ्याच पत्रांत ते शब्द कागदाच्या तुकड्यासोबत आलेले असतात. अशा सगळ्यांना मी एवढंच करायला सांगते: म्हण बाजूला काढा आणि उरलेलं वाक्य साध्या मराठीत लिहून बघा. तुमच्या बाबतीत ते असं होतं: 'ताई, तुझा घरातला आणि जमिनीतला हिस्सा मला मोबदल्याशिवाय दे, आणि लग्नाच्या आधी दे.' हे वाक्य वाईट आहे असं मी म्हणत नाही. भाऊ बहिणीकडे हे मागू शकतो. पण त्याचं उत्तर द्यायला तुम्हाला आता म्हण लागणार नाही.

'रक्त' या शब्दात काय काय भरता येतं, याचा आणखी एक नमुना आहे. २५ जून १८५९. चीनमध्ये तियानजिनजवळ पैहो नदीच्या मुखावर इंग्रजांच्या युद्धनौका ताकूच्या किल्ल्यांवर चालून गेल्या आणि चिनी तोफांनी त्यांची दाणादाण उडवली. इंग्रज ॲडमिरल जखमी झाला. जवळच अमेरिकेच्या आरमाराचा जोसाया टॅटनल होता. अमेरिका त्या लढाईत तटस्थ होती. तरीही तो मदतीला धावला, इंग्रज सैनिकांच्या होड्या ओढून पुढे नेल्या आणि का, तर 'ब्लड इज थिकर दॅन वॉटर'. इथलं रक्त आई-बापाचं नाही. इंग्रज आणि अमेरिकन ही एका वंशाची माणसं आणि समोरचे चिनी परके, असा त्याचा अर्थ. पुढे दोन्ही देशांत हे वाक्य मैत्रीचं वाक्य म्हणून मिरवलं गेलं. आणि हाच टॅटनल दोनच वर्षांनी, अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं तेव्हा आपल्या जॉर्जिया राज्यासाठी स्वतःच्याच देशाच्या आरमाराविरुद्ध उभा राहिला. रक्ताची मर्यादा कुठे आखायची ते ज्याने त्याने सोयीने ठरवलेलं असतं. तुमच्या भावाच्या मर्यादेत तुमचा हिस्सा आला, पण तुमची सहा आठवड्यांची खाट आली नाही.

हे मी रागाने लिहीत नाही. कदाचित तो घाबरला असेल. दवाखाना म्हटलं की हातपाय गळणारे पुरुष मी खूप पाहिलेत. 'फोन करत होतो की' असंही तो म्हणेल आणि ते खरंही असेल. लग्नाचा खर्च अंगावर आला असेल, जमिनीवर कर्ज काढायचं असेल आणि त्याला बहिणीची सही लागत असेल. हे त्याने तुम्हाला सांगितलंय का? विचारा त्याला. 'कशासाठी घाई आहे?' हा प्रश्न भांडणाचा नाही.

आता आपल्या मराठीकडे येते. तुम्ही फळ्यावर भाषांतर लिहायचात: 'रक्ताचं नातं पाण्यापेक्षा घट्ट असतं.' तुमच्या पत्रात तेच आहे. बघा, इंग्रजीतला दाटपणा मराठीत येताना घट्ट झाला. वरण घट्ट असतं तशी गाठही घट्ट असते, म्हणून हे भाषांतर कानाला इतकं पटतं. पण दाट वस्तू सांडली तर हळू वाहते आणि घट्ट गाठ सुटत नाही. तुम्ही मुलांना नकळत मुळातल्यापेक्षा जास्त पक्कं काहीतरी शिकवलंत! ही चूक नव्हे, भाषा बदलली की असं होतंच. पण तुमच्या स्वतःच्या मनावरही ही गाठ अठ्ठावीस वर्षं बसतेय, एवढं मला दिसतं.

आणि खरं तर मराठीने नात्याला रक्तापेक्षा पाण्यातच जास्त पाहिलंय. 'काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही', असं आपण भावाबहिणींच्या भांडणाबद्दल म्हणतो. इंग्रजीत पाणी म्हणजे परकं, पातळ, वाहून जाणारं. आपल्या म्हणीत पाणी हेच नातं आणि काठी हे भांडण. माझ्या आजोळी दोन मामांच्या वाटण्या झाल्या तेव्हा चौकात मधोमध भिंत आली. गवंड्याला आजीने एकच गोष्ट बजावली होती, की चुलीच्या अंगाला हातभर खिडकी ठेव. ती सकाळी त्या खिडकीतून ताकाची लोटी पलीकडे द्यायची आणि पलीकडून कधी कढीपत्ता, कधी मिरच्या यायच्या. मामा चार वर्षं बोलले नाहीत. लोटी एक दिवस चुकली नाही. भिंत पाडा असं आजी कधी म्हणाली नाही, वाटण्या रद्द करा असंही नाही. भिंत होती, कागद होते आणि खिडकीही होती.

मला तुमच्यासाठी ती खिडकी महत्त्वाची वाटते, कारण तुमच्या प्रश्नात सही आणि लग्न एकाच दोरीला बांधलेत. सही नाही तर लग्न नाही, लग्न तर सही. ही गाठ भावाने 'लग्नाच्या आधी' म्हणून मारली आणि तुम्ही ती तशीच उचलली. सोडा ती. लग्न भाचीचं आहे. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय, की तिच्या बारशाला नाव तुम्ही ठेवलंत. पाळण्याशी वाकून तिच्या कानात 'कुर्र' करून ते नाव पहिल्यांदा उच्चारणारी आत्या तुम्ही. तिने तुम्हाला कोणती म्हण ऐकवली नाही, कोणता कागद पुढे केला नाही. भावावरच्या रागापायी तिच्या अक्षता चुकवल्यात, तर तो राग कमी होईल असं मला वाटत नाही. एक रुखरुख मात्र वाढेल.

सहीचं मात्र सावकाश. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि वडील २००५ मध्ये हयात असायला हवेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. वडिलांनी स्वतः कमावलेलं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तरी तुम्ही वारस आहातच. म्हणजे भाऊ जे मागतोय ते त्याचं तुमच्याकडे राहिलेलं काही नाही, ते तुमचं आहे. हक्कसोडपत्र नोंदवलं गेलं की ते मागे फिरवणं फार अवघड. म्हणून मसुद्याची प्रत आधी मागून घ्या, सातबारा आणि घराचा उतारा काढा आणि भावाने सुचवलेला सोडून दुसऱ्या वकिलाला दाखवा. लग्नघरात, मांडवाच्या गडबडीत, कुणीतरी फाइल आणि पेन घेऊन आलं तर 'चष्मा आणला नाही' म्हणायला लाजू नका.

मग तुमच्यापुढे रस्ते बरेच आहेत. हिस्सा ठेवून घ्या. जमीन सोडा, पण घरातली एक खोली नावावर राहू द्या. मोबदला घेऊन सोडा. किंवा सगळं सोडा, डिनमाँटसारखं, 'मला त्याचं काही वाटत नाही' म्हणून. हा शेवटचा रस्ता मी वेडेपणाचा मानत नाही. माझ्या ओळखीच्या काही बायका तो समजून-उमजून चालल्या आणि सुखात आहेत. मात्र ते वाक्य तुमच्या तोंडून निघायला हवं, भावाने तुमच्यासाठी म्हणून उपयोग नाही. सही करून घरी आल्यावर रात्री झोप लागेल का, एवढं स्वतःला विचारा. नाही असं उत्तर आलं तर करू नका. हो आलं तरी लग्न होईपर्यंत थांबा. द्यायचं मन खरं असेल तर ते महिनाभराने विटणार नाही.

मुलीशी बोलताना जरा हळुवार. तिची म्हण खोटी ठरली, हे तिला लगेच शिक्षिकेच्या आवाजात सांगू नका. मेलबर्नला बसून आईचं ऑपरेशन फोनवर पाहिलेली मुलगी आहे ती. दहा दिवस आली आणि परत गेली, त्याची टोचणी तिलाही असणार. ते चित्र पाठवताना तिला बहुतेक म्हणायचं होतं, की शेजारच्या काकूने जे केलं ते मी करायला हवं होतं. आणि एक गंमत तिच्या लक्षात आली नसावी: त्या ओळीप्रमाणे पाहिलं तर गर्भातलं पाणी ती स्वतः आहे. तुमच्या भावाला पातळ ठरवणारी ओळ तिलाही पातळच ठरवते. ती तशी नाही, हे तुम्हाला माहीत आहे आणि तिला तुमच्याकडून ऐकायचं असेल. म्हणीचा इतिहास मग कधीतरी निवांत सांगा. जेन्किनचा 'पाणचट' तिला आवडेल.

आता तो रकाना. काउंटरवर 'मैत्रीण' लिहिलं असतं तर पुढे दहा प्रश्न आले असते, म्हणून तिने 'बहीण' लिहिलं असेल. पण तुमच्या पत्रातला तुमचा शब्द आहे 'शेजारीण'. दोन ठिकाणी 'शेजारीण', एका ठिकाणी 'ती'. तिला तुम्ही अजून नाव दिलेलं नाही, ताई, आणि माझ्या मते हा सगळा गुंता तिथे अडकलाय. मैत्रिणीचं मोल सिद्ध करायला भावाला तोडायची गरज नाही. पण ते कुठेतरी मांडायला तर हवं. द्रौपदीने श्रीकृष्णाच्या बोटाला बांधलेल्या चिंधीची लोककथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कथेत चिंधी बांधणाऱ्या द्रौपदीचं नातं कृष्णाने मान्य केलं, म्हणून कथा पुढे गेली. तुमच्यासाठी जिने रक्ताचं पाणी केलं, तिचं नातं तुम्ही अजून मोठ्याने मान्य केलेलं नाही.

साध्या गोष्टींपासून सुरू करा. फोनमध्ये आणि दवाखान्याच्या फाइलमध्ये अडीअडचणीला संपर्क करायची व्यक्ती म्हणून तिचं नाव घाला, तिला विचारून. पुढे कधी काही झालं तर कुणाशी बोलायचं, हे मुलीला आणि भावाला दोघांनाही कळू दे. तुमच्या पश्चात तिला काही द्यावं असं मनात असेल, एखादा दागिना, काही ठेव, तर लिहून ठेवावं लागेल. कायद्याच्या हिशेबात रक्त खरोखरच दाट आहे. मृत्युपत्र नसेल तर मैत्रिणीला काहीच मिळत नाही, तिने फॉर्मवर काहीही लिहिलेलं असो. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि ज्याला द्यायचं ते माणूस साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. एकटं राहणाऱ्या, परदेशी मुलं असलेल्या आणि शेजारपाजारच्या आधारावर चाललेल्या सगळ्याच वाचकांनी या दोन गोष्टी याच महिन्यात उरकून घ्याव्यात, असं मी अगदी आग्रहाने सांगते.

भावाला काय म्हणायचं, ते तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्र वाचून वाटलं की फोन आल्यावर तुमची जीभ अडखळत असणार. तुम्ही असं म्हणू शकता: "हो रे, आहेच दाट. म्हणून तर हळदीच्या आदल्या दिवशीच येतेय. कागद मला पाठवून दे, वकील वाचतील, लग्न झाल्यावर आपण दोघं बसू." याच्या पुढे तो आवाज चढवायला लागला, तर भाचीच्या शालूचा रंग विचारा.

आणि पत्रिका आली की बघा, त्यावर तुमच्या एकटीचं नाव आहे की 'सहकुटुंब' आहे. सहकुटुंब असेल तर मैत्रिणीला सोबत न्या. मांडवात कुणी विचारेलच, "या कोण?" उत्तर तिला द्यायला लावू नका. फॉर्मवरचा तो रकाना या वेळी तुम्ही भरा.